कण्हणाऱ्या गाडीची बाजू

गाडी आवाज करते तेव्हा तिला काहीतरी सांगायचे असते, असे माझे मत आहे. हे मत बाळगणाऱ्याला हल्ली फारसे मित्र उरत नाहीत.

आमची गाडी बारा वर्षांची. गेल्या मार्चात ती कण्हायला लागली. उभी असताना जवळजवळ गप्प. पण अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडला रे पडला की ‘कुंईऽऽ’! पाय जसा खाली जाईल तसा सूर वर चढणार, पाय उचलला की उतरणार. शेजारच्या अण्णांना शेजारी बसवून दोन चकरा मारल्या. “कुठाय आवाज? मला तर काही ऐकू येत नाही,” असा त्यांनी निर्वाळा दिला. अण्णांना स्वतःच्या दाराची घंटाही ऐकू येत नाही, हा भाग वेगळा. चिरंजीव म्हणाले, “बाबा, गाणी जरा मोठ्यानं लावा, म्हणजे जाईल.” बायको म्हणाली, “अहो, आपल्या मिक्सरचं बुश गेलं होतं ना, तेव्हा अस्साच सूर लागला होता. काहीतरी फिरणारं कोरडं पडलंय.” बायकोच्या अशा विधानांकडे नवरे जितके लक्ष देतात तितकेच मी दिले, आणि गाडी एका झकपक सर्व्हिस सेंटरात नेली.

तिथे टाय लावलेल्या तरुणाने बॉनेट उघडले नाही की गाडी चालवून पाहिली नाही. डॅशबोर्डखाली एक वायर खुपसली, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, “सर, एकही फॉल्ट नाहीये.”

“पण आवाज येतोय.”

“मग एस्टिमेट काढून देतो.”

एस्टिमेट आले. अल्टरनेटर, पट्टा, वॉटर पंप, पुढच्या चाकांची बेअरिंगे. एकूण रुपये ३८,०००. तेवढ्यानेही आवाज गेला नाही तर गिअरबॉक्स उघडून बघू, ही वर तळटीप.

“यातलं नक्की बिघडलंय काय?”

“एकेक बदलत जाऊ ना सर. कशानं तरी जाईलच.”

माझे भांडण आहे ते या ‘कशानं तरी जाईलच’शी. हे निदान नव्हे, ही लॉटरी. आणि तिकिटे सगळी माझ्या खिशातून! पोट दुखते म्हणून गेलेल्या माणसाला डॉक्टर म्हणाला, “आधी अपेंडिक्स काढू, मग एक मूत्रपिंड, थांबेल कशानं तरी,” तर आपण चपला तिथेच सोडून पळू. १८१६ साली पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, तेव्हापासून स्टेथोस्कोप आला. आधी ऐकावे, मग कापावे, एवढे तरी डॉक्टरांना तेव्हापासून पटले आहे. गाडीवाल्यांना कधी पटणार?

संगणकाशी माझे वैर नाही. पण गाडीतला संगणक बिचारा जिथे सेन्सर बसवलेला असतो तिथलीच बातमी देतो. बेअरिंगमधले ग्रीस सुकल्याची वर्दी द्यायला तिथे कुणी सेन्सर बसवलेला नसतो. संगणक गप्प बसला म्हणजे गाडी निरोगी, हे आमच्या अण्णांचेच तर्कशास्त्र झाले.

तुम्ही म्हणाल, एवढे ऐकत बसायला वेळ कुणाला आहे? ऐका तर. शेवटी मी एका कळकट गॅरेजातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने तीन प्रश्न विचारले. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये रेस केली तरी येतो का? येत असेल तर चाके आणि टायर सुटले. दुखणे इंजिनाच्या अंगाला. वेग तोच ठेवून तिसऱ्याचा दुसरा गिअर टाकला तर सूर चढतो का? चढत असेल तर तीच गोष्ट पक्की. स्टिअरिंग फिरवताना वाढतो का? वाढत असेल तर स्टिअरिंगचा पंप बघायचा, त्यातले तेल बघायचे. माझी उत्तरे अशी: येतो, चढतो, वाढत नाही. दोन मिनिटांत अर्धे एस्टिमेट फाडले गेले.

मग त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. मूठ कानामागच्या हाडाला, टोक अल्टरनेटरच्या अंगाला. “फिरत्या भागाला टोक लावायचं नाही हं साहेब, हात जाईल.” तिथून सरकून ते पट्टा ताणून धरणाऱ्या छोट्या पुलीच्या मधल्या बोल्टवर आले आणि मिस्त्री हसला. इंजिन बंद करून पट्टा उतरवला आणि एकेक पुली हाताने फिरवली. बाकीच्या मुकाट फिरल्या, ही खरखरली. बेअरिंग कोरडे! नवी पुली ८०० रुपये, मजुरी ३००.

“हे असंच चालवलं असतं तर?”

“पुली जाम झाली की पट्टा तुटतो. पट्टा तुटला की चार्जिंग बंद. तुमच्या गाडीत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर. इंजिन उकळणार.”

चारच दिवसांनी मला ऐंशी वर्षांच्या आईला घेऊन साताऱ्याला जायचे होते. भर उन्हात, खंबाटकीच्या चढावर. आणि उपाय काय सुचवला होता? गाणी मोठ्याने लावा!

पण नुसते टायवाल्यावर खापर फोडून चालणार नाही. मिस्त्रीने ऐकण्याचे शंभर रुपये वेगळे मागितले, तेव्हा माझ्याच तोंडून निघाले, “नुसतं ऐकायचे शंभर?” ३८,००० च्या छापील कागदापुढे मी ‘बघतो, कळवतो’ असे अदबीने पुटपुटलो होतो. सुट्या भागाचे पैसे आपण मुकाट मोजतो आणि शहाणपणाचे देताना घासाघीस करतो. मग ऐकणारे मिस्त्री उरावेत कसे? उरतील ते बदलणारे. शंभर दिले, आणि शरमेने वर पन्नास.

घरी आलो. बायकोने विचारले, “काय निघालं?”

“बेअरिंग. म्हणजे... फिरणारं. कोरडं पडलं होतं.”

ती काहीच बोलली नाही. पण त्या न बोलण्याचा सूर, स्क्रू-ड्रायव्हर कानाला न लावताही, मला स्वच्छ ऐकू आला.