सॉफ्टवेअरवर सोडलेली सचोटी

वाङ्मयचौर्य पकडायला सॉफ्टवेअर आहे, समित्या आहेत, शिवाय मार्गदर्शक आहेच. मग शैक्षणिक सचोटीसाठी वेगळा अधिकारी कशाला? विषय काढला की प्राध्यापकांच्या खोलीत हा सवाल हमखास येतो.

आधी समित्या पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या विनियमांत विभागीय समितीचा अध्यक्ष विभागप्रमुखच असतो. म्हणजे शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याच्या विद्यार्थ्याची चौकशी त्याने करायची! एक सदस्य सॉफ्टवेअर चालवण्यात वाकबगार हवा. दोन्ही बाजू ऐकून घेण्यात वाकबगार हवा, असे कुठे म्हटलेले नाही. तपासणीचे काम बहुधा ग्रंथपालाच्या गळ्यात पडते, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली सांभाळून.

आता सॉफ्टवेअर. समजा, यवतमाळच्या शेतकरी आत्महत्यांवर कोणी मराठीत प्रबंध लिहिला. योजनांची नावे, समित्यांच्या शिफारशी, कापसाचे हमीभाव सगळ्यांचे सारखेच. यंत्र ते लाल रंगवून ठेवते. उलट एखाद्या हिंदी पुस्तकातले अख्खे प्रकरण मराठीत उतरवले, किंवा जुन्या, कुठेही डिजिटल न झालेल्या मराठी ग्रंथातून टंकून घेतले, तर अहवाल स्वच्छ येऊ शकतो. पुन्हा विनियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंडच नाही. 300 पानांच्या प्रबंधात ती 30 पाने झाली. 60 टक्क्यांच्या वर मात्र थेट नोंदणी रद्द. एवढी मोठी शिक्षा देणाऱ्याने टक्का सोडून पाने वाचायला नकोत?

मार्गदर्शकाच्या विवेकावर सोडा म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो: विद्यार्थ्याला पदवी मिळाली की मार्गदर्शकाच्याही पदोन्नतीच्या खात्यात गुण पडतात.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे. शिक्षकांच्याच जागा रिकाम्या, वर्ग तासिका तत्त्वावरच्या माणसांच्या जिवावर चाललेले. म्हणून प्रत्येक महाविद्यालयात हे पद मागणे वेडेपणा ठरेल. पण अमरावती विद्यापीठाने यवतमाळ, पुसद, वणी फिरणारा, यवतमाळ जिल्ह्यापुरता एक पूर्णवेळ माणूस नेमणे अवघड नाही. संदर्भ कसा द्यायचा, दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत कसे मांडायचे, हे त्याने पीएचडीच्या पहिल्याच वर्षी शिकवावे. आळ आलेल्याचेही ऐकावे. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात या कामासाठी स्वतंत्र कार्यालय आहे. आपल्याला मात्र ठाऊक ते परीक्षेतली कॉपी पकडणारे भरारी पथक, पेपर संपला की गाडीत बसणारे.

आणि हे पद अकरा महिन्यांच्या करारावर भरू नये. पुढच्या मुदतवाढीसाठी ज्याला वरिष्ठांची सही लागते, तो त्याच वरिष्ठांच्या शिष्याचा प्रबंध अडवणार कसा?