सीम बदलाल, पण टॉवरचे काय?

"आयकूं येता मरे?" पेडणे आणि डिचोली तालुक्यांच्या आतल्या गावांत मोबाईलवर सर्वात जास्त बोलले जाणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही हेच सांगू. पूर्वी फोन लागला की आधी घरच्यांची खुशाली विचारत. आता आवाजाची विचारतात.

आमच्या वाड्यावर रेंज एका दिवसात गेली नाही. आधी घरभर होती, मग सोप्यावर आली, मग तुळशीकडे गेली आणि आता सडा चढून वर गेल्याशिवाय तिची गाठ पडत नाही. कंपनीकडे तक्रार केली. तक्रारीला नंबर मिळाला आणि दोन दिवसांनी उत्तर आले की तुमच्या भागात नेटवर्क सुरळीत आहे. हे उत्तर वाचायलासुद्धा आम्हाला सड्यावर जावे लागले! कंपनीचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. पलीकडच्या गावात हीच कंपनी चालते आणि आमच्याकडे चालणारी दुसरी तिथे चालत नाही.

कोणी म्हणेल, एवढे काय त्यात, चार फोन कमी झाले तर बिघडले कुठे? आम्ही बँकेच्या काऊंटरवर बसणारी माणसे. काय बिघडते ते आम्हाला रोज दिसते. गृह आधार आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे खात्यात जमा होतात, पण जमा झाल्याचा मेसेज गावात पोहोचत नाही. मग सत्तरीच्या घरातली आजी बसचे भाडे खर्चून शाखेत येते आणि विचारते, "बाबा, पैसे आले?" आले नसतील तर परत जाते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. ओटीपीची तर कथाच वेगळी. त्याचे आयुष्य काही मिनिटांचे. तो सड्यावर पोहोचेपर्यंत मेलेला असतो.

याहून गंभीर गोष्ट फसवणुकीची. खात्यातून परस्पर पैसे गेले आणि त्यात खातेदाराची चूक नसली, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्यावर नुकसान पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. पण ज्याचा फोन दिवसभर मुका असतो त्याला चोरी कळणार कधी? आणि जिवाचा प्रश्न आला तर बोलायलाच नको. आमच्या शेजारी मध्यरात्री एका वडीलधाऱ्यांच्या छातीत दुखू लागले. १०८ ला फोन लावण्यासाठी त्यांचा मुलगा हातात बॅटरी घेऊन पावसात सड्यावर धावला. गाडी आली, माणूस वाचला. पण त्या धावण्यात गेलेली वीस मिनिटे कोणाच्या हिशेबात धरायची?

अशा वेळी जो तो एकच सल्ला देतो : "पोर्ट कर." सल्ला चुकीचा नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क देशभर २० जानेवारी २०११ पासून मिळाला आहे. PORT असे पाच अक्षरांत नव्हे, चार अक्षरांत लिहून पुढे आपला नंबर घालायचा आणि १९०० वर पाठवायचा. त्यातली गंमत अशी की जी कंपनी सोडायची तिचीच रेंज हा मेसेज पाठवायला लागते. म्हणजे घटस्फोटाचा अर्ज करायलाही आधी नवऱ्याची गाठ पडली पाहिजे! येणारा कोड चार दिवस चालतो. १६ डिसेंबर २०१९ पासूनच्या नियमांनुसार आपल्याच सर्कलमध्ये हे काम कामकाजाच्या तीन दिवसांत व्हायला हवे. मात्र एकदा गेलात की नव्वद दिवस पुन्हा हलता येत नाही. म्हणून जाण्यापूर्वी शेजाऱ्याचे त्या कंपनीचे सीम आपल्या स्वयंपाकघरात आणि माजघरात चालवून पाहा. कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर द्यावेत असा दूरसंचार प्राधिकरणाचा २०२४ चा नियम आहे. नकाशा जरूर पाहावा, पण चिऱ्याच्या भिंतीआड काय होते ते भिंतीआडच कळते.

पुष्कळांनी दोन सीमचा मार्ग काढला आहे. एक घरासाठी, एक डिचोली-म्हापशाच्या बाजारासाठी. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, तेव्हा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. घरात चार माणसे, आठ सीम, आठ रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा हा भार सर्वांनाच जाणवला आणि अनेकांनी बीएसएनएलची वाट धरली. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने फक्त बोलणे आणि मेसेज यांचे वेगळे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले. दुसरे सीम नुसते जिवंत ठेवणाऱ्यांनी ते जरूर मागून घ्यावे. पण जी सेवा एकदाच मिळायला हवी तिच्यासाठी दोनदा पैसे मोजायचे, याला सोय म्हणत नाहीत.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. सीम बदलल्याने टॉवर उगवत नाही. आपली गावे सड्यांच्या कुशीत, कुळागरांच्या खोल जागी वसलेली. सड्यावरची लहर खाली उतरत नाही. वाड्यावर घरे पन्नास, ती तीन-चार कंपन्यांत वाटलेली. मग एकाही कंपनीला टॉवरचा खर्च परवडत नाही. त्यात वीज गेली की टॉवरची बॅटरी किती टिकणार? मे २०२१ च्या तौक्ते वादळात विजेमागोमाग रेंजही कशी गेली ते आपण पाहिले आहे.

आणि दोष सगळा कंपन्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. टॉवर येतो म्हटल्यावर ग्रामसभेत विरोधासाठी हात वर करणारे कोण होते? आम्हीच. किरणोत्साराची भीती समजण्यासारखी आहे. पण आपल्या देशाने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, हेही ग्रामसभेत सांगायला हवे होते. शंका असेल तर मोजणी मागावी. सकाळी टॉवरला विरोध आणि संध्याकाळी रेंज नाही म्हणून ओरड, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत. २०२० मध्ये शाळा ऑनलाईन झाल्या तेव्हा गोव्याच्या ग्रामीण भागातील मुले रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसली. त्या मुलांसमोर तरी आपण याचे उत्तर द्यायला हवे.

पैसा नाही म्हणावे तर तेही खरे नाही. कंपन्यांच्या समायोजित महसुलातून पाच टक्के रक्कम ग्रामीण सेवेच्या निधीसाठी घेतली जाते. पूर्वी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस फंड म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. तो महसूल येतो कुठून? तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच. या निधीतून उभारलेल्या टॉवरवर एकापेक्षा अधिक कंपन्यांच्या ग्राहकांना सेवा मिळावी, अशी सोय १७ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली आणि त्यासाठी देशभरातील सुमारे २७ हजार टॉवर सांगण्यात आले. आम्हाला वाटते, आपल्या गावांचे औषध हेच आहे. टॉवर एक, कंपन्या सगळ्या. मग कोणाला पोर्ट करण्याची गरजच उरणार नाही.

नियमातली एक पळवाटही लक्षात ठेवावी. सेवा चोवीस तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई द्यावी, असे नवे नियम सांगतात. पण तिथे मोजमाप जिल्ह्याचे आहे. उत्तर गोवा जिल्ह्यात पणजी चालते, म्हापसा चालते, मग आमचा वाडा महिनाभर मुका राहिला तरी कागदावर काहीच घडलेले नसते. हे मोजमाप गावापर्यंत, निदान पंचायतीपर्यंत आणा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांनी लावून धरायला हवी. मोपाच्या सड्यावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, तुयेला इलेक्ट्रॉनिक सिटीचे नाव मिळाले. चांगलेच झाले. पण त्याच तालुक्यातल्या माणसाला डॉक्टरला फोन करायला टेकडी चढावी लागत असेल, तर विकास आमच्या डोक्यावरून उडाला असेच म्हणावे लागेल.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, एवढे करा. घरात कुठे, कोणत्या कंपनीची रेंज मिळते आणि कुठे मिळत नाही, याची वाडावार यादी करा. तक्रारीचे नंबर जपून ठेवा. कंपनीच्या उत्तराने समाधान झाले नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. ग्राहक आयोगाचे दारही बंद नाही, दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे नेता येतात असे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पष्ट केले आहे. आणि येत्या ग्रामसभेत सामायिक टॉवरचा ठराव मांडा, जागा कोणती चालेल तेही गावानेच सुचवा. उद्या मते मागायला येणाऱ्यांना चहा जरूर द्या, पण आधी त्यांना सोप्यावर बसवून त्यांच्याच मोबाईलवरून एक फोन लावायला सांगा.

आम्हीही येत्या महिन्यात पोर्ट करणार आहोत, हे लपवत नाही. घरात म्हातारे आई-वडील आहेत, थांबून चालत नाही. पण आम्ही गेल्याने आमच्या घरापुरती रेंज येईल. शेजारच्या घरातल्या त्या मुलाला रात्री पुन्हा सड्यावर धावावे लागू नये, यासाठी मात्र सगळ्या गावालाच ग्रामसभेत उभे राहावे लागेल.