मुलीच्या खोलीचं भाडं

तो मोबाईलवर एक्सेलची शीट उघडूनच माझ्या केबिनमध्ये शिरला. शाळेची फी महिन्याला ३,५०० पडते, व्हॅन २,०००, क्लास २,५००, डबा-दूध-खाऊ ४,५००, कपडे आणि औषधं १,५००. बेरीज १४,०००. ‘‘निम्मे माझे, निम्मे तिचे. सात हजार दर पाच तारखेला टाकीन, मॅडम. एक दिवस इकडचा तिकडे होणार नाही.’’ माणूस खोटं बोलत नव्हता. म्युच्युअलला, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटाला, दोघंही तयार होते, भांडायचं ते भांडून झालं होतं आणि नऊ वर्षांची मुलगी आईकडे राहणार हेही ठरलं होतं. बायकोनं ती शीट दोनदा खाली-वर केली आणि विचारलं, ‘‘यात ती राहते कुठे?’’

पोटगीच्या याद्या मी रोज बघते. फीची पावती असते, व्हॅनवाले काका महिन्याच्या महिन्याला पैसे मागतात, म्हणून ते खर्च यादीत येतात. घरभाडं मात्र मुकाट्यानं आईच्या खात्यावर पडतं. या बाईला एकटीला ११,००० भाड्याचं वन आरके पुरलं असतं. मुलीची शाळा सुटू नये आणि तिला अभ्यासाला कोपरा मिळावा म्हणून तिनं कोथरूडमध्ये २०,००० चं वन बीएचके पाहिलं. मधले ९,००० माझ्या मते मुलीचे आहेत. अर्धं भाडं मागून टाका, असं सांगणारे वकीलमित्र मला आहेत. ते मला पटत नाही. छप्पर आईलाही लागतंच. फरकाची रक्कम तेवढी मुलीच्या नावे लावावी.

यात मी नवीन काही सांगत नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला जो निकाल दिला, त्यात मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, औषधपाणी, शिक्षण यांच्या पंगतीला निवारा बसवलेला आहे. क्लासही धरा, पण वाजवी, असंही म्हटलंय. पोटगीच्या दाव्यात दोघांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, तेही याच निकालानं घालून दिलं. म्युच्युअलमध्ये आकडा आपला आपणच ठरवतो आणि तिथेच निवारा गळतो.

‘निम्मं-निम्मं’ ऐकायला फार न्यायाचं वाटतं. त्याचा पगार ९०,०००, तिचा ४५,०००. पद्मजा शर्मा प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयानं मुलांचा खर्च कमावत्या आईवडिलांवर कमाईच्या मानानं वाटला होता, वडिलांचे दोन वाटे आणि आईचा एक. इथंही नेमकं तेच प्रमाण येत होतं. १४,००० आणि ९,००० मिळून २३,०००; त्याचे दोन वाटे १५,३०० च्या आसपास. सात हजारांच्या दुपटीहून जास्त. जर्मनीत पोटगी देणाऱ्या पालकाचं उत्पन्न आणि मुलाचं वय पाहून रक्कम सांगणारा ड्युसेलडॉर्फचा तक्ता आहे. आपल्याकडे असा तक्ता नाही, म्हणून कागद-पेन घेऊन बसावं लागतं.

आकडा ऐकून तो म्हणाला, ‘‘आणि मी फ्लॅटचा २८,००० हप्ता भरतो, तो कोणासाठी?’’ हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. मायलेकी त्या फ्लॅटमध्ये राहणार असतील तर हप्ता जरूर हिशेबात धरा. इथं फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, राहणारही तोच. मग तो हप्ता म्हणजे त्याची बचत झाली, पोटगी कशी होईल? त्याची एक गोष्ट मात्र मी मान्य केली. शनिवार-रविवार मुलगी त्याच्याकडे असणार, तेव्हाचं दूध-खाणं त्याच्या घरचं. त्यापोटी ८०० उतरवले.

राहिला जून. नवी पुस्तकं, युनिफॉर्म, रेनकोट, वाढलेली फी, सगळं एकदम अंगावर येतं. शिवाय अकरा महिन्यांनी लीव्ह अँड लायसन्सचा करार संपला की भाडं वाढतं. संमतीपत्रात वाढीचं कलम नसेल तर रक्कम वाढवून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. आम्ही दर जूनला आठ टक्के वाढ लिहिली आणि दवाखान्याचा मोठा खर्च वेगळा ठेवला, त्याच दोनास एक प्रमाणात.

एवढं सगळं तासाभरात झालं. पुढची वीस मिनिटं गेली ती मुलीची खाट आणि टेबल नव्या घरी न्यायच्या टेम्पोवर. अठराशे रुपये. ती म्हणे तू दे, तो म्हणे सामान तू नेतेयस. शेवटी त्यानं मोबाईल काढला, त्याच शीटमध्ये खाली एक ओळ वाढवली, ‘टेम्पो’, आणि समोर पूर्ण आकडा आपल्या रकान्यात टाकला.