घराबाहेर घातलेली लेकरे

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई आखून वसविण्यात आली. परंतु आईबापांनीच दाराबाहेर काढलेल्या मुलाने ह्या आखीव नगरीत रात्र कोठे काढावी, ह्याचे उत्तर त्या आराखड्यात नाही. आम्ही समलिंगी व पारलिंगी तरुणांविषयी बोलत आहोत. हा विषय परक्यांच्या घरचा आहे असे समजून पान उलटू नका. अशी मुले प्रत्येक वस्तीत जन्मास येतात, आपल्याही.

घर सुटले म्हणजे काय होते ते पहा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे घरभाड्याचा करार लेखी व नोंदविलेला असावा लागतो. त्यास आधार कार्ड हवे, अनामत हवी. आणि मुलाची कागदपत्रे बहुधा बापाच्या कपाटात असतात! शिवाय सोसायटीस 'फॅमिली'च हवी असते. १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून लाठीच्या धाकाने बाहेर काढण्यात आले, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांना परक्यांनी काढले. ह्या मुलांना घरचेच काढतात.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे स्वेच्छेचे समलिंगी संबंध गुन्हा नव्हेत असे ठरविले. अटकेची भीती गेली, छप्पर मात्र आले नाही. पारलिंगी व्यक्तीस घर सोडण्यास भाग पाडणाऱ्यास २०१९ च्या कायद्याने सहा महिने ते दोन वर्षांच्या कैदेची तरतूद केली. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२० पासून 'गरिमा गृह' ही निवाऱ्याची योजना आणली. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र धरून १२ गृहे, प्रत्येकी किमान २५ जणांची सोय; म्हणजे अवघ्या देशास तीनशेच्या आसपास जागा. केवळ समलिंगी असलेल्या मुलामुलीस तर ह्या योजनेचे दार उघडतच नाही.

मग मागावयाचे कोणापाशी? आमच्या मते महापालिकेपाशी. शहरी बेघरांसाठी एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असा दंडक ठरलेला आहे. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची वस्ती ११ लाखांवर होती. तेव्हा निदान अकरा निवारे हे शहराचे देणेच ठरते. पुरुषांच्या दालनात पारलिंगी मुलीने निजावे कसे? त्यांपैकी एखाद्या निवाऱ्यात ह्या तरुणांसाठी कडीकुलपाची वेगळी खोली राखणे अवघड नाही.

पोलिसांत हरवल्याची तक्रार देऊन सज्ञान मुलास ओढून आणविता येत नाही. समुपदेशनाच्या नावाखाली त्याची ओढ बदलू पाहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये केरळातील एका प्रकरणात न्यायालयांनाच बजावले. मूल अठरा वर्षांखालील असल्यास १०९८ वर कळवावे. त्याची व्यवस्था बाल कल्याण समिती पाहते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती, स्त्रिया व बालकांना विनामूल्य वकील मिळतो, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींत बौद्धही येतात. अर्ज ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा.

ज्या आईबापांचा राग अद्याप निवळला नसेल, त्यांनी मुलाचे आधार कार्ड, जातीचा दाखला व गुणपत्रिका तरी आजच त्याच्या हाती द्याव्यात. ती कागदपत्रे त्याची आहेत.