दम त्यांचा, डोकं आमचं

शाहू स्टेडियमवर मॅच बघायला गेलात तर एकदा चेंडूकडं थोडं कमी बघा आणि मागच्या पायरीवरची बडबड ऐका. पेठेतल्या पोरानं दोघांच्या मधून पास काढला की आवाज येतो, "काय डोकं चालवलंय भावा!" तसाच पास तालमीनं सीझनपुरता आणलेल्या नायजेरियन खेळाडूनं काढला की, "दम बघ गड्याच्यात!" पास सारखाच. पण एकाच्या खात्यावर अक्कल जमा झाली आणि दुसऱ्याच्या खात्यावर फुफ्फुसं.

"मग बिघडलं काय? कौतुकच केलं की," असं म्हणणाऱ्यांसाठीच हे लिहितोय.

कारण या कौतुकावर एक अख्खा धंदा चालतो. अमेरिकेत. तिथला फुटबॉल वेगळा, पायापेक्षा हातानं जास्त खेळायचा. दरवर्षी कॉलेजातली पोरं व्यावसायिक संघ वाटून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी स्काउट गावोगाव फिरून पोरांचे अहवाल लिहितात. संघाचं डोकं म्हणजे क्वार्टरबॅक: चाल कुठली, चेंडू कुणाकडं, हे तो ठरवतो. कितीतरी वर्षं ही जागा गोऱ्यांची मानली गेली. काळी पोरं पळायला, पकडायला, आडवं पाडायला. वॉरन मूननं १९७८ च्या जानेवारीत कॉलेजची सगळ्यात मानाची मॅच जिंकून दिली आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला क्वार्टरबॅक म्हणून कुणी घेतलं नाही. तो कॅनडात गेला, सलग पाच वेळा तिथला कप जिंकला, मग परत येऊन अमेरिकेत मोठा झाला. जुनी गोष्ट म्हणाल तर २०१८ चं बघा. लमार जॅक्सन कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च सन्मान मिळवलेला क्वार्टरबॅक, तरी जाणकार सांगत होते की पोरगं पळतंय छान, त्याला चेंडू पकडायच्या जागेवर टाका. त्याच्या आधी चार क्वार्टरबॅक उचलले गेले, हा बत्तिसावा. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या हंगामात, तो एकमतानं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणि या कौतुकाचं बिल कसं येतं तेही बघा. डोक्याला मार लागून लागून स्मृती गेलेल्या निवृत्त खेळाडूंना लीगनं भरपाई द्यायची होती. ती मोजताना काळ्या माणसाची बुद्धी मुळात कमीच, असं धरून चालणारं गणित वापरलं जात होतं. म्हणजे तुझं फारसं गेलंच नाही, कारण तुझ्याकडं फारसं नव्हतंच. ते थांबवायचं लीगनं कबूल केलं २०२१ मध्ये. आयुष्यभर "दम आहे" ऐकलेल्या माणसाला म्हातारपणी हे ऐकावं लागलं.

आता "ते गोरे तसलेच" म्हणून हात झटकू नका. पुण्याच्या क्लबात पळवणकर बाळू ग्राउंड राखायचा आणि इंग्रज साहेबांना नेटमध्ये तासन् तास बोलिंग टाकायचा. बॅटिंग त्याला मिळायची नाही. बोलिंग म्हणजे घाम, बॅटिंग म्हणजे कला, आणि चांभाराच्या पोराला घामच शोभतो. पुढं हिंदूंच्या संघाला त्याची बोलिंग हवी झाली, तेव्हा मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावायचे आणि चहाच्या वेळी बाळूला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यानं शंभराहून जास्त विकेट काढल्या. कॅप्टन मात्र त्याला कधीच केलं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल कॅप्टन झाला तो १९२३ मध्ये, तोवर बाळूचे दिवस संपले होते. फिरकी टाकणारा माणूस बॅट्समनला चार चेंडू आधीपासून फसवत आणतो. डोकं लागतं ते आणखी कशाला?

कोल्हापूरहून बेळगाव ओलांडून पुढं हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात जा. तिथं सिद्दी राहतात. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज, आज कोंकणी-कन्नड बोलणारे. १९८० च्या दशकात सरकारच्या क्रीडा प्राधिकरणाला साक्षात्कार झाला की हे आफ्रिकी रक्ताचे, म्हणजे ऑलिम्पिकची पदकं यांच्या अंगातच आहेत. पोरं निवडली, होस्टेलात नेली, पळवली. काहींनी चांगली पदकं मिळवलीही. पण काही वर्षांत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, ती योजना गुंडाळली आणि पोरं परत जंगलात, मजुरीला. पदकं रक्तातच आहेत म्हटल्यावर पंधरा-वीस वर्षं खुराक, कोच, नोकरी कशाला पुरवायची? नाही आली पदकं तर रक्तच खोटं निघालं म्हणायचं. जन्मावरून केलेलं कौतुक जन्मावरूनच काढून घेता येतं.

इथं कुणीतरी केनियाचे धावपटू काढणारच. काढा. उंचावरची गावं, लहानपणापासूनचं पळणं, शाळाशाळांतल्या शर्यती, धावून घर बांधलेल्या शेजाऱ्याचं उदाहरण, आणि असेल शरीराचाही भाग. पण घ्यायचं असतं एका पोराला. समाजाची सरासरी मैदानात उतरत नाही.

आणि हबशी म्हणजे नुसती ताकद, हे महाराष्ट्रात बसून बोलणं तर कमालच. इथियोपियातून गुलाम म्हणून विकत विकत आलेल्या मलिक अंबरनं निजामशाही चालवली, जमिनी मोजून महसुलाची घडी बसवली, गनिमी काव्यानं मुघलांना दमवलं. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं होते. चौथीच्या इतिहासात आपण सगळ्यांनी भातवडी पाठ केली आणि स्टेडियमच्या पायरीवर बसून विसरलो.

आता आपल्या दुखण्यावर येतो. कोल्हापूरवाले स्वतःलाही हेच लेबल लावून घेतात, वर मिरवतात. रांगडी माती, तांबडा-पांढरा, तालीम, काटक पोरं. नाद खुळा वगैरे. बाहेरचा स्काउट आला की हेच ऐकून येतो आणि हेच लिहून जातो: कोल्हापूरचा आहे, धडक चांगली. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये खेळलेला अनिकेत जाधव आपला, त्याचे बॅनर आपण लावले. पण त्या वयाच्या पोरांना मधल्या फळीत उभं करून खेळ वाचायला शिकवायचं काम नुसती रांगडी माती करत नाही. त्याला कोच लागतो, आणि या पोराला समजतं असा विश्वास ठेवणारा कोच लागतो. रांगडेपणाचं कौतुक करणाऱ्याला तो खर्च वाचवता येतो.

म्हणून तालमींच्या कोचना आणि निवड समित्यांवर बसणाऱ्या मंडळींना सांगणं आहे. पोराच्या नावापुढं "दमदार", "काटक", "अंगानं भरलेला" लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण शेजारी त्यानं काय केलं तेही लिहा: कितव्या मिनिटाला मान वळवून मागं बघितलं, कुठला पास दिसत असून दिला नाही, हाफटाइमनंतर काय बदललं. गाव, पेठ, आडनाव, रंग झाकून तो कागद दुसऱ्या कोचला वाचायला द्या. आणि नायजेरियातून आलेल्या त्या खेळाडूला सीझन संपायच्या आत एका सकाळी तेरा वर्षांखालच्या पोरांसमोर खडू-फळा देऊन उभा करा. ऑफसाइडचा सापळा कसा लावायचा ते सांगू दे त्याला. हिंदी मोडकी असेल त्याची, पोरांना कळेल.