छातीतला संबळ

नवरात्र सरले, कोजागिरीला सोलापूरहून पायी तुळजापूर गाठणारे भक्त घरी परतले आणि आता दारात पणती लागली. गोंधळातला संबळ मात्र कानांत घुमतोच आहे. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत आपण एका ठेक्याविषयीच बोलू. हा संबळ मात्र आपल्या छातीत वाजतो.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. ठेका धरणारा तोच. त्याने सोडलेली विजेची बारीक लहर वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते, मधल्या नाक्यावर क्षणभर थबकते आणि खालच्या कप्प्यांत उतरते. स्वस्थ बसलेल्या माणसात असे मिनिटाला 60 ते 100 वेळा घडते.

आता समजा, वरच्याच कप्प्यात दुसरा एखादा संबळवाला उठला आणि मिनिटाला दीडशेच्या गतीने बडवू लागला. मूळचा ठेका दबून जातो. हा झाला एट्रियल टॅकिकार्डिया. कधी लहर नाक्यापाशीच गोल गोल फिरत राहते. ही धडधड एकाएकी सुरू होते, एकाएकी थांबते आणि तरुणांतही आढळते. कधी वरच्या कप्प्यात सगळेच एकदम वाजवू लागतात आणि नाडीला ताळतंत्र राहत नाही. हे एट्रियल फिब्रिलेशन. यात कप्प्यात रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. म्हणून पुष्कळांना रक्त न गोठण्याचे औषध द्यावे लागते. लहानपणीच्या सांधेवाताच्या तापाने झडप बिघडली असेल, तर अधिकच जपावे.

खरी अडचण पुढेच आहे. कळंबकडच्या एखाद्या बाई सोयाबीन काढताना मटकन खाली बसतात. छाती धडधडते, जीव घाबरा होतो. मंडळी त्यांना एस.टी.त घालतात, गाडी धाराशिवच्या स्टँडात शिरते तोवर सारे शांत! कार्डिओग्राम स्वच्छ येतो. डॉक्टर म्हणतात, ‘मनाला लावून घेऊ नका.’ शेजारीण म्हणते, ‘बाहेरचे असेल.’ चोर पळाल्यावर पंचनामा केला, तर कागदावर काय उतरणार?

आणि हे सोडून देण्यासारखे नव्हे. अशी धडधड दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे चालली, तर चांगले हृदयही थकते. दम लागतो, पाय सुजतात. पण वेळीच ठेका जागेवर आणला, तर तेच हृदय बहुधा पुन्हा उभारी धरते.

म्हणून धडधड सुरू होताच मनगटावर बोटे ठेवून घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर नाडी मोजावी. ती नियमित आहे की वेडीवाकडी, केव्हा सुरू झाली, हे लिहून ठेवावे. थांबण्याची वाट न पाहता, जवळ जिथे कार्डिओग्राम निघतो तिथे जावे आणि तो कागद जपून ठेवावा. छातीत दुखले, शुद्ध हरपली वा फार दम लागला, तर सरळ 108 ला फोन करावा. झटके क्वचित येत असतील, तर अंगावर बांधायचे नोंदयंत्र मिळते. थायरॉइड आणि रक्तक्षय यांचीही तपासणी व्हावी.

नाक्यापाशी फिरणारी लहर पुष्कळदा साध्या युक्तीने मोडते. रोग्याला अर्धवट बसवून पंधरा सेकंद जोराने कुंथायला लावायचे, मग लगेच आडवे करून पाय वर उचलायचे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात शंभरांतील 43 जणांचा झटका असा थांबला. पाय न उचलता तो 17 जणांचाच थांबला. ही युक्ती आपल्या डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. मानेच्या शिरा मात्र आपण होऊन चोळू नयेत. एट्रियल टॅकिकार्डिया अशा युक्तीला सहसा दाद देत नाही. त्याला औषध लागते. तेही अपुरे पडले, तर मांडीतल्या शिरेतून तार नेऊन तो आगंतुक संबळवालाच जाळून टाकतात. यासाठी पुणे, मुंबई, हैदराबादकडे जावे लागेल. निघण्यापूर्वी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अवश्य करावी.

त्या बाईंच्या हातात झटक्यातला एक कागद असता, तर त्यांना कोणी ‘मनाचे आहे’ म्हटले नसते. आपल्या घरात अशी कोणी असेल, तर या फराळाच्या गर्दीत तिच्या नाडीवर एकदा बोट ठेवा. दिवाळी सुखाची जावो.