फाईल गेली कुठे?

सॅसचा प्रोग्रॅम चालतो, लॉगमध्ये एकही लाल ओळ नसते, आणि फाईल मात्र फोल्डरमध्ये नसते. मग तपास सुरू. कोड उघडावा तर तिथे लिहिलेलं असतं &आउटपाथ. हा आउटपाथ ठरतो दुसऱ्याच फाईलमध्ये, जी %इन्क्लूडने आत घेतलेली असते. तिथे गेलात तर दिसतं &रूट आणि पुढे &स्टडी. रूट कुठे? ऑटोएक्झेकमध्ये. आणि ऑटोएक्झेक कुठे? ते एका सीनियरला माहीत असतं, आणि तो सुट्टीवर असतो. आता बोला!

माझं म्हणणं सरळ आहे. आउटपुट नेमकं कुठे पडलं हे ज्या प्रोग्रॅमच्या लॉगवरून कळत नाही, तो प्रोग्रॅम चुकीचा. भले आकडे बरोबर येवोत.

"एवढं काय त्यात, शोधली की सापडते" असं म्हणणारे बरेच भेटतात. अहो, फाईल न सापडणं परवडलं. खरी भीती फाईल सापडण्याची, म्हणजे जुनी फाईल सापडण्याची. पुण्या-मुंबईत आपल्यातले कितीतरी जण औषधांच्या क्लिनिकल ट्रायलवर सॅस लिहितात. समजा, साइड इफेक्ट्सचा टेबल आज दुरुस्त केला आणि तो भलत्याच फोल्डरमध्ये पडला. ठरलेल्या जागी मागच्या आठवड्याचा टेबल तसाच बसलेला. तपासणाराही तोच सेटअप वापरतो, त्यामुळे त्याचंही नवं आउटपुट भलतीकडे. प्रॉक कम्पेअर मात्र ठरलेल्या फोल्डरवर चालतं, जुन्याची जुन्याशी तुलना करतं आणि सांगतं, काही फरक नाही. पास! आणि रिपोर्ट पुढे जातो.

ही सवय आली कुठून? सॅस वाढलं आयबीएमच्या मेनफ्रेमवर (कंपनी १९७६ सालची). तिथे प्रोग्रॅममध्ये फक्त टोपणनाव असायचं आणि खरा डेटासेट जेसीएलच्या डीडी ओळीत. पण ती ओळ सहसा त्याच जॉबमध्ये, प्रोग्रॅमच्या शेजारीच दिसायची. आपण नाव आणि पत्ता वेगळे ठेवायची पद्धत घेतली, आणि पत्ता तीन मॅक्रोंच्या खाली पुरून टाकला.

सॅस बिचारं स्वतःहून सांगत असतं. लिबनेम लावलं की इंजिन आणि फिजिकल नेम लॉगमध्ये छापतं. डेटा स्टेपमधून टेक्स्ट फाईल लिहिली की तिचं पूर्ण नाव देतं. पण आमचे मॅक्रोबहाद्दर वरती ऑप्शन्स नोनोट्स टाकून त्याचं तोंडच बंद करतात. काहीजण प्रॉक प्रिंटटूने लॉग दुसरीकडे वळवतात आणि परत आणायला विसरतात. म्हणजे चोरही गायब आणि पंचनामाही!

एंटरप्राइज गाइड वापरणाऱ्यांची गंमत निराळी. कोड चालतो सर्व्हरवर, त्यामुळे सी ड्राइव्ह म्हणजे तुमचा लॅपटॉप नव्हे. नुसतं फाईलचं नाव दिलंत तर ती सर्व्हरच्या चालू डिरेक्टरीत जाऊ पाहते. तिथे लिहायची परवानगी नसेल तर एरर येते, निदान कळतं तरी. परवानगी असेल तर फाईल तिथे निवांत पडून राहते.

"हार्डकोडिंग वाईट असतं" हे मला सांगू नका. पत्ता मॅक्रोतूनच येऊ द्या, पण तो उलगडून छापा. प्रोग्रॅमच्या शेवटी %पुट %सिसफंक(पाथनेम(आउट)). एवढी एक ओळ. सगळेच पत्ते हवे असतील तर लिबनेम _ऑल_ लिस्ट, आणि फाईलनेम _ऑल_ लिस्ट, आहेतच.

यावर एका टीममध्ये ऐकलेलं उत्तर: "लॉग लांब होतो." अहो, लॉग आधीच चार हजार ओळींचा आहे, त्यात आणखी एका ओळीने कुणाचं पोट दुखतंय?